तर्री-पोहे खाऊ का, डॉक्टर?

औषधांची चिठ्ठी लिहून झाली की उठता उठता पेशंट विचारतात, "डॉक्टर, पथ्य काय?" नागपुरात या प्रश्नाला बहुतेक वेळा एक शेपूट असतं: "तर्री-पोहे चालतील का?" विचारणारा जरा ओशाळलेला असतो. सोबत आलेली बायको किंवा मुलगी माझ्याकडे अशा नजरेनं बघत असते, की डॉक्टरांनी आता "अजिबात नाही" म्हणावं आणि विषय संपवावा.

"नाही" म्हणायला दोन सेकंद लागतात. पण नीट उत्तर द्यायचं तर तीन गोष्टी माहीत हव्यात. समोरच्या माणसाला कोणता आजार आहे, तो कोणती औषधं घेतो, आणि ज्या गाडीवर तो खातो ती गाडी कशी आहे. पहिल्या दोन गोष्टी फाईलमध्ये सापडतात. तिसरी गाडीवर गेल्याशिवाय कळत नाही. म्हणून मागच्या हिवाळ्यात एका रविवारी सकाळी मी माझ्या एका पेशंटसोबत त्यांच्या नेहमीच्या गाडीवर जाऊन पोहे खाल्ले. तिथं काय पाहिलं आणि त्यातून तुमच्या उपयोगाचं काय निघतं, ते या लेखात सांगतो.

काकांचं "सगळं बंद"

या पेशंटना आपण काका म्हणू. लिहायची परवानगी त्यांनी दिली आहे, आणि ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत. वय सदुसष्ट, सरकारी नोकरीतून निवृत्त. अकरा वर्षांपासून मधुमेह, सोबत बीपी. पत्नी चार वर्षांपूर्वी गेल्या. मुलगा-सून सोबत राहतात आणि मनापासून काळजी घेतात.

काकांचा रोजचा क्रम ठरलेला होता. पहाटे अंबाझरीच्या बाजूला सहा-सात मित्रांसोबत तासभर फिरणं, आणि रविवारी फिरून झालं की गाडीवर तर्री-पोहे. शुगर ताब्यात होती. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणी 7.4 होती. त्यांच्या वयाला आणि आजाराला ती ठीकच म्हणायची.

मग मोबाईलवर कुठला तरी संदेश फिरत आला, त्यावर घरात चर्चा झाली आणि काकांचं बाहेरचं खाणं पूर्ण बंद झालं. काकांनी वाद घातला नाही. सहा महिन्यांनी ते माझ्याकडे आले, तेव्हा एचबीएवनसी 8.6 आणि वजन साडेतीन किलोनं वाढलेलं. मुलगा चक्रावला होता. "सर, आता तर बाहेरचं एक घाससुद्धा नाही. मग शुगर वाढली कशी?"

फिरणं किती होतं, असं मी विचारलं. काका थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "सर, ते सारे तिथं खाऊन राहिले अन् मी काय बाजूले उभा राहून पाहू? सुरुवातीले दोन रविवार उभा राहिलो. मग रविवारचं जाणं बंद केलं. मग बाकीचे दिवसही राहिलंच."

आठवड्यातून एकदाची एक प्लेट वाचली, आणि तिच्यासोबत आठवड्याचं सहा-सात तासांचं चालणं आणि सहा-सात माणसांची सोबत गेली. झोप कमी झाली होती. दुपारभर टीव्हीपुढे बसून घरचाच चिवडा, घरचीच बिस्किटं चालू होती, कारण ती "बाहेरची" नव्हती. मी गोळ्यांचा डोस लगेच वाढवला नाही. म्हटलं, "काका, या रविवारी मी येतो. गाडी दाखवा."

गाडीवर काय असतं

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. तर्री-पोहे म्हणजे कांदा, हिरवी मिरची, हळद घालून केलेले पोहे आणि त्यावर काळ्या हरभऱ्याचा झणझणीत रस्सा. कांदा-खोबरं, आलं-लसूण, खडा मसाला आणि लाल तिखट घातलेल्या या रश्श्यावर तेलाचा लाल तवंग येतो. ती तर्री. वरून कच्चा कांदा, चिवडा किंवा शेव, कोथिंबीर आणि लिंबाची फोड. नागपूरच्या हिवाळ्यात सकाळी सातला गाडीभोवती उभं राहून हे खाण्यात जी मजा आहे, ती डॉक्टरालाही कळते.

काकांची गाडी साधीच होती. मधोमध मोठ्या जर्मनच्या पातेल्यात पाणी उकळत होतं. त्यावर भोकं पाडलेली परात, परातीत पोह्यांची रास आणि वर झाकण. बाजूच्या शेगडीवर तर्रीचं पातेलं खदखदत होतं. गाडीवाला तिशीतला मुलगा. "बसा सर. कडक देऊ का मिडीयम?" मी मिडीयम म्हटलं. काका सहा महिन्यांनी आले होते. त्यांना त्यानं काही विचारलं नाही, नुसतं हसून प्लेट भरायला घेतली. मित्रांनी मात्र भरपूर विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता बाकावर जागा करून दिली.

प्लेट हातात येईपर्यंत मी माझं काम करून घेतलं. कोणत्याही गाडीवर बघाव्यात अशा चार गोष्टी आहेत.

पहिली: उष्णता. जंतू वेगानं वाढतात ते साधारण 5 ते 60 अंश सेल्सियसच्या दरम्यान. त्याच्या वर ठेवलेलं अन्न बरंचसं सुरक्षित राहतं. थर्मामीटर घेऊन कुणी पोहे खायला जात नाही, पण झाकण उचलल्यावर वाफ येते का आणि रस्सा उकळतो आहे का, हे डोळ्यांना दिसतं. या गाडीवर दोन्ही होतं. खदखदणारी तर्री पोटाच्या दृष्टीनं त्या प्लेटमधली सगळ्यात निर्धोक गोष्ट असते. लोकांना नेमकी तिचीच भीती वाटते, हा भाग वेगळा.

दुसरी: वेळ. पोहे म्हणजे तांदूळच. तांदळासोबत बॅसिलस सेरियस नावाचा जंतू बीजाणूंच्या रूपात येऊ शकतो. हे बीजाणू शिजवण्याच्या उष्णतेतही टिकतात. शिजलेलं अन्न कोमट अवस्थेत तासन् तास पडून राहिलं, की बीजाणूंपासून जंतू तयार होतात आणि विष सोडतात. उलट्या घडवणारं हे विष नंतर पुन्हा गरम केल्यानं नष्ट होत नाही. म्हणून दुपारी बारा वाजता उरलेले थंड पोहे परत गरम करून कुणी देत असेल, तर ते नको म्हणा. घरी फ्रिजबाहेर राहिलेल्या कालच्या भातालाही हाच नियम लागू आहे. काकांचा गाडीवाला थोड्या थोड्या पोह्यांचा लॉट लावत होता, एक संपत आला की दुसरा. दहाच्या आत गाडी रिकामी होते, असं तो म्हणाला. गर्दीच्या गाडीचा हा फायदा असतो. माल पडून राहत नाही.

तिसरी: पाणी. पोहे-तर्रीतून पोट बिघडण्यापेक्षा सोबतच्या पाण्यातून बिघडण्याची शक्यता जास्त. प्यायचं पाणी, प्लेटा विसळायचं पाणी, कांदा-कोथिंबीर धुवायचं पाणी, या तिन्हीकडे बघा. निळा जार ठेवला म्हणजे पाणी शुद्ध असं समजू नका. जारमध्ये कुठलंही पाणी भरता येतं. या गाडीवर स्टीलच्या प्लेटा एकाच बादलीत बुचकळून काढत होते. ही गोष्ट मला आवडली नाही. मी कागदी प्लेट मागितली, ती मिळाली. पाण्याची बाटली आम्ही घरून नेली होती. वर्तमानपत्राच्या कागदावर मात्र काही घेऊ नका. छपाईच्या शाईतले रंग आणि इतर रसायनं गरम, तेलकट पदार्थात उतरू शकतात. म्हणून अन्न सुरक्षा प्राधिकरणानं त्यात खाद्यपदार्थ बांधू नयेत असं सांगितलेलं आहे.

चौथी: हात. ज्या हातानं नोटा घेतल्या त्याच हातानं कांदा भुरभुरला, तर शिजवण्यात घेतलेली सगळी काळजी वाया जाते. इथं मला एक गोष्ट गमतीची वाटली. गाडीला क्यूआर कोडची पाटी लावलेली होती आणि बहुतेक जण मोबाईलवरच पैसे देत होते. व्यवहाराच्या सोयीसाठी आलेली ही पाटी नकळत आरोग्याचंही काम करते आहे. कांदा मात्र तो हातानंच टाकत होता. मी म्हटलं, "भाऊ, याला एक चमचा ठेव ना." त्यानं लगेच ठेवला. गाडीवाल्यांशी बोलायला हरकत नसते. दहा गिऱ्हाइकांनी चमचा मागितला, की अकराव्याला मागावा लागत नाही.

चिरलेला कांदा हवेतले जंतू ओढून घेतो, हा संदेश तुमच्याही मोबाईलवर आला असेल. त्यात तथ्य नाही. प्रश्न असतो तो सुरीचा, हाताचा आणि पाण्याचा. लिंबू पिळल्यानं सगळे जंतू मरतात, हाही गैरसमजच. लिंबू चवीसाठी पिळा.

प्लेटमध्ये काय होतं

आता मधुमेह आणि बीपीच्या चष्म्यातून प्लेटकडे बघू.

100 ग्रॅम कोरड्या पोह्यांत साधारण 75 ग्रॅम कर्बोदकं असतात. पोहे हलके दिसतात, पचायलाही हलके, आणि म्हणूनच रक्तातली साखर लवकर वाढवतात. भरलेल्या एका प्लेटमध्ये दोन-तीन पोळ्यांइतकी कर्बोदकं सहज जातात. काळ्या हरभऱ्यांचं वागणं उलट आहे. त्यात प्रथिनं आणि चोथा भरपूर, त्यामुळे साखर सावकाश वाढते आणि पोट भरल्याची जाणीव टिकते. म्हणजे प्लेट तीच, फक्त पोह्यांचा आणि हरभऱ्यांचा वाटा बदलला की तिचा परिणाम बदलतो.

तेलाचा हिशोबही सोपा आहे. एक चहाचा चमचा तेल म्हणजे साधारण 45 कॅलरी. तवंगावरून भरलेल्या पळीत असे तीन चमचे सहज येतात. पळी पातेल्याच्या तळाशी घालून भरली, तर हरभरे जास्त आणि तेल कमी येतं. हे गाडीवाल्याला सांगायला दोन शब्द पुरतात: "खालून दे."

मिठाकडे बीपीवाल्यांनी लक्ष द्यायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार दिवसभराचं मीठ 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा. पोह्यांत मीठ, तर्रीत मीठ, वरच्या शेव-चिवड्यात मीठ. यातलं शेव-चिवडा वगळणं सगळ्यात सोपं, आणि खाण्याची मजाही त्यानं फारशी कमी होत नाही. त्या दिवशी घरच्या जेवणात लोणचं-पापड नको.

काकांनी त्या दिवशी अर्धी प्लेट पोहे घेतले, हरभरे पूर्ण पळीभर, तेही खालून, शेव नाही. नंतर सगळ्यांसोबत चहा घेतला, पण बिनसाखरेचा. दोन तासांनी घरच्या ग्लुकोमीटरवर शुगर 172 आली. पुढच्या रविवारी मी मुद्दाम त्यांना जुन्या पद्धतीनं एकदा खाऊन मोजायला सांगितलं. पूर्ण प्लेट, शेव आणि साखरेचा चहा. दोन तासांनी 246. जेवणानंतर दोन तासांची शुगर 180 च्या आत असावी, असं आम्ही साधारणपणे सांगतो. हे एकाच माणसाचे दोन आकडे आहेत, त्यावरून सगळ्यांसाठी नियम काढता येत नाही. पण काकांना तर्री-पोह्यांबद्दलचं माझं व्याख्यान जितकं पटलं नसतं, तितके हे दोन आकडे पटले. तुमच्याकडे ग्लुकोमीटर असेल तर तुमच्या आवडीच्या पदार्थाची अशी परीक्षा तुम्हीही घेऊ शकता.

गोळीची वेळ: सगळ्यात महत्त्वाची गोष्ट

बाकावर बसल्या बसल्या मी काकांना सहज विचारलं, "सकाळची शुगरची गोळी कधी घेतली?" ते म्हणाले, "साडेपाचले, निघताना. पहिलेपासून तशीच घेतो."

इथं मात्र मी चमचा खाली ठेवला. काका घेत होते ती ग्लिमेपिराइड गटातली गोळी. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, मग तुम्ही खाल्लेलं असो की नसो. ती नाश्त्याला बसताना घ्यायची असते. साडेपाचला गोळी, त्यानंतर उपाशीपोटी तासभर चालणं, मग गप्पा, आणि पहिला घास साडेसातला. या दोन तासांत साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते. साखर वाढल्याचे परिणाम वर्षांत मोजायचे असतात. साखर फार उतरली तर काही मिनिटांत माणूस बेशुद्ध पडू शकतो, आणि रस्त्यावर असेल तर आणखी कठीण.

मी विचारल्यावर काकांनी सांगितलं, की पूर्वी कधी कधी गाडीपाशी पोहोचेपर्यंत हात थरथरायचे, घाम यायचा. "वाटे, भूक लागली असन." आणि दोन घास खाल्ले की बरं वाटायचं. ती साखर उतरल्याचीच लक्षणं होती. तर्री खाताना सगळ्यांनाच घाम येतो, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. दोन्हींतला फरक लक्षात ठेवा. तिखटाचा घाम खाल्ल्यानंतर येतो, डोक्यावर आणि चेहऱ्यावर, सोबत नाक वाहतं. साखर उतरल्याचा घाम खाण्याआधी येतो, अंग गार पडतं, हात थरथरतात, छातीत धडधडतं, कधी डोळ्यांपुढे अंधारी येते किंवा माणूस असंबद्ध बोलतो. अशा वेळी तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून लगेच द्यायचं, पंधरा मिनिटांनी शुगर मोजायची आणि कमीच असेल तर पुन्हा द्यायचं. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखान्यात न्या.

काकांची गोळी आता खिशात असते आणि प्लेट हातात आल्यावर घेतली जाते. दुसऱ्या खिशात ग्लुकोजची पुडी. तुम्हीही शुगरची गोळी घेऊन फिरायला जात असाल, तर ती कोणत्या गटातली आहे आणि जेवणाच्या किती आधी घ्यायची, हे तुमच्या डॉक्टरांना एकदा विचारून घ्या. मेटफॉर्मिनसारख्या गोळीनं एकटीनं साखर सहसा एवढी खाली जात नाही. इन्सुलिन आणि ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांच्या बाबतीत ही काळजी घ्यायलाच हवी. गोळी मनानं बंद मात्र करू नका.

तिखटानं अल्सर होतो का?

मिरचीतलं कॅप्सेसिन हे द्रव्य जिभेवरच्या उष्णता ओळखणाऱ्या संवेदकांना चिकटतं. प्रत्यक्षात काही भाजलेलं नसतं, पण मेंदूला निरोप जातो की भाजतंय. म्हणून घाम, म्हणून नाकाडोळ्यांतून पाणी. हा संवेदक शोधून काढल्याबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना 2021 चं नोबेल पारितोषिक विभागून मिळालं. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे वरून घटाघटा पाणी पिऊन जळजळ थांबत नाही. दूध, दही, ताक याचा उपयोग होतो.

जठराचा अल्सर तिखटानं होतो, अशी पूर्वी ठाम समजूत होती. हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू हे त्याचं एक मोठं कारण आहे, हे बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी दाखवून दिलं आणि 2005 चं नोबेल त्यांना मिळालं. दुसरं मोठं कारण म्हणजे मनानं घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या. गुडघे दुखतात म्हणून रोज गोळी घेणारे आणि वर "मी तिखट बिलकुल खात नाही" असं सांगणारे पेशंट मी दर आठवड्याला बघतो. त्यांच्या पोटाला मिरचीपेक्षा त्या गोळीचा धोका जास्त आहे.

तरीही तिखट सगळ्यांना सोसतंच असं नाही. अल्सर किंवा ॲसिडिटी आधीच असेल, छातीत जळजळ होऊन आंबट वर येत असेल, तर तर्रीनं त्रास वाढू शकतो. गुदद्वाराला चीर गेलेली असेल तर दुसऱ्या दिवशी आग होईल. मूळव्याध मात्र तिखटानं होत नाही. बद्धकोष्ठ आणि कुंथणं ही त्याची नेहमीची कारणं.

कुणी गाडीवर खाऊ नये

- गरोदर स्त्रिया. दूषित पाण्यातून होणारी हिपॅटायटिस ई ही कावीळ गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, जिवावर बेतू शकते.
- केमोथेरपी चालू असलेले, अवयव प्रत्यारोपण झालेले किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणारे.
- यकृताचा किंवा मूत्रपिंडाचा गंभीर आजार असलेले. मीठ, पाणी आणि पथ्याचं त्यांचं गणित फार नाजूक असतं.
- हृदय कमजोर असल्यामुळे ज्यांच्या अंगावर सूज येते आणि मीठ कडक बंद आहे असे.
- अगदी लहान मुलं.

या मंडळींनी हेच तर्री-पोहे घरी करून खावेत. फक्त मिठाचं प्रमाण आणि मूत्रपिंडाच्या पेशंटना हरभरे किती चालतील, हे डॉक्टरांना विचारून ठरवा.

ऋतूचाही विचार करा. नागपूरचा उन्हाळा 45 अंशांवर जातो. अशा दिवसांत बाहेर ठेवलेलं अन्न फार लवकर बिघडतं. पावसाळ्यात नळाच्या पाण्यात सांडपाणी मिसळण्याचे प्रकार वाढतात, आणि टायफॉइड, कावीळ, गॅस्ट्रोचे पेशंटही वाढतात. तेव्हा कच्चा कांदा-कोथिंबीर वगळा. खदखदती तर्री आणि वाफाळते पोहे, एवढंच घ्या.

पोट बिघडलंच तर

पोट बिघडलं की आपण शेवटचं जे बाहेर खाल्लं त्याला दोष देतो. तो दर वेळी बरोबर नसतो. अन्नातल्या तयार विषानं होणाऱ्या उलट्या खाल्ल्यापासून साधारण एक ते सहा तासांत सुरू होतात. टायफॉइडचा ताप जंतू शरीरात गेल्यानंतर साधारण एक ते तीन आठवड्यांनी येतो. हिपॅटायटिस ए ची कावीळ दिसायला दोन ते सात आठवडे लागतात. म्हणजे काल पोहे खाल्ले आणि आज टायफॉइड झाला, असं होत नाही. त्यासाठी मागच्या महिन्याभरातलं पाणी आणि खाणं आठवावं लागतं, आणि त्यात घरचं पाणीही आलं.

जुलाब-उलट्यांवर पहिलं औषध म्हणजे ओआरएस. पाकिटावर जितकं पाणी लिहिलं असेल तितक्याच पाण्यात पूर्ण पाकीट मिसळा. मोठं पाकीट एक लिटरसाठी असतं, छोटं 200 मिलीसाठी. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. घोट घोट, पण सतत. डब्यातली गोड पेयं ओआरएसच्या जागी चालत नाहीत. साध्या जुलाबांत मेडिकलमधून मनानं अँटिबायोटिक घेऊ नका. ताप किंवा शौचातून रक्त असेल तर जुलाब बांधणारी गोळीही नको.

मधुमेह-बीपीच्या पेशंटसाठी आणखी एक सूचना. अंगातलं पाणी कमी झालेलं असताना मेटफॉर्मिन, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या आणि बीपीच्या काही गोळ्या मूत्रपिंडांना जड जाऊ शकतात. उलट्या-जुलाब चालू असतील तर डॉक्टरांना फोन करून कोणती गोळी थांबवायची ते विचारा. ओआरएसमध्ये साखर आहे म्हणून ते टाळू नका, शुगर मोजत राहा.

शौचातून रक्त, जास्त ताप, सहा तास लघवी न होणं, पाणीही पोटात न ठरणं, किंवा गुंगी येणं, यातलं काहीही दिसलं तर घरी थांबू नका.

शेवटी थोडं

काका पुन्हा रोज फिरायला जातात. तीन महिन्यांनंतरची एचबीएवनसी 7.7 आली आणि वजन दोन किलो उतरलं. औषध तेच, डोस तोच, फक्त घेण्याची वेळ बदललेली. सूनबाईंनी मला विचारलं, "म्हणजे सर, तर्री-पोह्यांनी शुगर कमी झाली?" नाही. शुगर उतरली ती चालण्यानं आणि दुपारची बिस्किटं कमी झाल्यानं. पोह्यांची अर्धी प्लेट ही त्या चालण्याची किंमत होती, आणि ती काकांना परवडणारी होती.

घरच्या माणसांना एक विनंती. पथ्य सांगताना एखादी गोष्ट बंद करायला लावाल, तेव्हा तिच्यासोबत आणखी काय बंद होतं आहे ते एकदा बघा. आणि पेशंटनाही सांगतो, पुढच्या वेळी विचाराल तेव्हा नुसतं "चालेल का?" असं विचारू नका. किती, कुठं, आठवड्यातून कितीदा, आणि गोळी कधी घेता, हे सगळं सांगा. उत्तर प्रत्येकाचं वेगळं असेल.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. आपल्या औषधांत किंवा पथ्यात बदल करण्याआधी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्या.)